‘ए’ दाबलं की बॅकअप झाला? छे!

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला पुन्हा फिरतोय: थंडरबर्डमध्ये (कॉम्प्युटरवर मेल वाचायचं सॉफ्टवेअर) जुने मेल निवडा, ‘ए’ (आर्काइव्हची कळ) दाबा, मेल कॉम्प्युटरवर उतरतात, सर्व्हर मोकळा होतो, मग वेबमेलवरून (ब्राउझरमधल्या मेलमधून) बिनधास्त उडवा, बॅकअप झालाच. वर “आमच्या मुलाने करून पाहिलंय” हे आहेच.

‘ए’ दाबल्यावर मेल वर्षवार फोल्डरांत जातात, एवढं खरं. पण कुठल्या फोल्डरांत? खातं आयमॅपचं असेल (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे तेच दाखवणारी पद्धत), आणि हल्ली बहुतेकांचं तेच असतं, तर सेटिंग बदललेलं नसताना ते फोल्डर त्याच खात्यात, म्हणजे सर्व्हरवरच तयार होतात. जागा तसूभरही सुटत नाही. सामान या खोलीतून त्या खोलीत, घरभाडं तेवढंच.

खरा घात पुढच्या वाक्यात आहे. आयमॅपमध्ये कॉम्प्युटरवर दिसतो तो सर्व्हरचा आरसा. वेबमेलवरून ते फोल्डर उडवलेत की पुढच्या जोडणीत थंडरबर्डमधूनही गायब. मेल मेलेच म्हणायचे! अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मी हे पाहिलंय. चार वर्षांच्या परचेस ऑर्डरी अशा गेल्या. जीएसटीचे हिशेब आणि कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायची असतात, आणि आपल्याकडे निम्मी बिलं मेलच्या अटॅचमेंटमध्येच पडून असतात.

जागा खरंच सोडवायची तर मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे थंडरबर्डच्या फक्त कॉम्प्युटरवरच राहणाऱ्या फोल्डरांत, आधी कॉपी करा, मूव्ह नको. दोन्हीकडची संख्या जुळवा, दोन-चार अटॅचमेंट उघडून बघा, मगच सर्व्हरवरचे काढा. ‘ए’चीच सवय असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये आर्काइव्हची जागा लोकल फोल्डर्स करून ठेवा.

आता ‘बॅकअप झालाच’. एकाच हार्डडिस्कवरची एकुलती एक प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर (मेल आणि सेटिंग जिथे साठतात ते) दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मेलचं एक फोल्डर म्हणजे सहसा एकच लांबलचक एमबॉक्स फाइल असते, सगळे मेल एकापाठोपाठ एक तिच्यातच. ती 4 जीबीच्या वर गेली की फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ती घेत नाही; जागा दिसत असूनही कॉपी अडते आणि लोक पेनड्राइव्हला शिव्या घालतात. वर्षवार फोल्डरांचा फायदा इथे होतो, फाइली लहान राहतात.

सल्ल्यात एक शेपूटही आहे, ‘डिलीट केलं की डिस्कही हलकी होते’. लगेच नाही. मेलवर फक्त पुसल्याची खूण पडते. फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ झाल्यावर, म्हणजे खूण पडलेले मेल फाइलमधून खरोखर काढल्यावर, फाइल लहान होते.

आणि ज्यांनी आजच सकाळी वेबमेल साफ केलाय त्यांनी: आधी तिथला ट्रॅश बघा, जीमेल तो 30 दिवस ठेवतं. ऑफिसात दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच खातं असेल तर त्याची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, मगच थंडरबर्ड उघडा. तिथली प्रत अजून शाबूत असू शकते.