‘पोर्शचे पैसे घेऊन हातात खेळणं दिलं’ या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला आणि तडक उत्तर लिहायला बसलो होतो. बायकोने लॅपटॉप बंद केला, म्हणाली, आत्ता जे लिहिशील ते उद्या तुलाच वाचावंसं वाटणार नाही. म्हणून तीन दिवस थांबलो. मधल्या काळात इन्स्ट्रक्टरशी बोललो, गाड्यांमधल्या नोंदी काढून पाहिल्या, आणि आता लिहितोय.

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी सांगतो. मे महिन्यात तुम्ही पुण्याहून सहकुटुंब जर्मनीत आलात आणि न्युर्बर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर आमच्याकडच्या भाड्याच्या तीन गाड्या एका दिवसात चालवल्या : अल्पाइन ए110, बीएमडब्ल्यू एम2 आणि पोर्श 911 जीटी3. प्रत्येकी दोन फेऱ्या ठरल्या होत्या. तुमच्या मते अल्पाइन म्हणजे ‘1.8 लिटरचं फ्रेंच खेळणं’, एम2चे ब्रेक खराब होते, जीटी3 ‘खालून ओढतच नाही’, जाहिरातीत सात मिनिटांत होणाऱ्या फेरीला तुम्हाला अकरा मिनिटं लागली आणि ‘शेजारी बसलेली बाई सारखी ओरडत होती’. जीटी3ची दुसरी फेरी मिळालीच नाही, पेट्रोलचे पैसे वेगळे लावले आणि घरची मंडळी थंडीत ताटकळली, हेही तुम्ही लिहिलंय.

शेवटच्या तीन गोष्टी तुमच्या शंभर टक्के बरोबर आहेत. दुपारी ट्रॅकवर अपघात झाला, कठडा वाकला, तो बदलेपर्यंत ट्रॅक बंद राहिला. यात आमचा हात नाही. पण राहिलेली फेरी ‘याच मोसमात कधीही येऊन पूर्ण करा’ हा आमचा नियम जवळच्या कोलोनहून येणाऱ्या माणसासाठी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचं मुंबईचं विमान आहे, त्याला हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्या फेरीचे पूर्ण पैसे काल तुमच्या कार्डावर परत पाठवलेत. पेट्रोलचंही तसंच. वेगळं लागेल हे आम्ही लिहिलं होतं, पण पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, आणि तेही जर्मनमध्ये. ते आता बुकिंगच्या वेळीच वर दिसतं. आणि ट्रॅकलगतच्या ब्रुन्शेनच्या मोकळ्या पार्किंगमध्ये तुमच्या आई दोन तास शाल गुंडाळून उभ्या होत्या, हे मला संध्याकाळी कळलं. आइफेलच्या डोंगरात मे महिनाही बोचरा असतो, आणि तिथे डोक्यावर छप्पर नाही. आईंची माझ्या वतीने माफी मागा. आता पाहुण्यांच्या घरच्यांना बसायला आमची एक गाडी किल्लीसकट तिथे उभी असते.

आता गाड्यांबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी वाद घालणार आहे.

अल्पाइन पहिली का? इंजिनाचा आकार बघून गाडी जोखायची सवय आपल्याकडे जुनीच आहे, मीही साताऱ्यात असताना तेच करायचो. पण या गाडीचं वजन आहे साधारण 1,100 किलो. इंजिन तुमच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीचा जड भाग मधोमध. ताकद 252 पीएस (म्हणजे जवळपास तितकीच अश्वशक्ती). ही ताकद कमी वाटते, पण नॉर्डश्लायफे, म्हणजे तुम्ही फेऱ्या मारलेला न्युर्बर्गरिंगचा ट्रॅक, हा 20.832 किलोमीटरचा, 1927 साली खुला झालेला, डोंगरातून चढत-उतरत जाणारा रस्ता आहे. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या बिंदूत सुमारे तीनशे मीटरचा फरक. पहिल्यांदा येणाऱ्याला पुढचं वळण डावं की उजवं हेच ठाऊक नसतं. अशा वेळी चूक पोटात घालणारी गाडी हातात असावी लागते.

आणि चूक तुमच्याकडून झाली होती. फुक्सरोरेचा उतार आठवतोय ना? झाडांच्या बोगद्यातून गाडी खाली झेपावते, तळाला सस्पेन्शन दाबून बसतं, पोटात गोळा येतो आणि लगेच चढ लागतो. चढ संपतो तिथे आडेनाउअर फोर्स्टचं वळण. ते दिसतच नाही, एकदम अंगावर येतं. तुम्ही वळणात शिरल्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलात. अल्पाइनने मागचा भाग जेमतेम वीतभर हलवला आणि सरळ झाली. तुम्ही हसलात, असं इन्स्ट्रक्टरने लिहून ठेवलंय. हेच तुम्ही सकाळी नऊला थंड टायरांवर जीटी3मध्ये केलं असतं तर? 911चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं असतं. भर वळणात पाय काढला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि ते मागचं ओझं लंबकासारखं बाहेर झुलू पाहतं. आताच्या 911 पूर्वीपेक्षा कितीतरी शहाण्या आहेत, इलेक्ट्रॉनिक्सही मदतीला असतं, पण वाकलेल्या कठड्याचं बिल इथे चालवणाऱ्यालाच येतं. म्हणून पोर्श शेवटी. पैसे वाचवायला नाही.

एम2च्या ब्रेककडे वळतो. हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला, कारण या देशात आल्यावर माझी पहिली आठ वर्षं ब्रेकच्या चाचण्या घेण्यातच गेली. तुम्ही परत आलात तेव्हा पार्किंगमध्ये तो करपलेला वास मलाही आला. त्याच संध्याकाळी चाकं काढली : पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक, डिस्क सरळ, ब्रेक ऑइल आठवड्यापूर्वी बदललेलं. मग पेडल खाली का जात होतं? एम2चं वजन 1,700 किलोच्या वर आहे. अल्पाइनपेक्षा सहा क्विंटल जास्त. त्यात 460 पीएस. म्हणजे प्रत्येक वळणापाशी जास्त जड गाडी, जास्त वेगात पोचते, आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. कालेनहार्टच्या वळणापासून ब्राइडशाइडच्या पुलापर्यंत सगळा उतार, आणि तुम्ही त्या संपूर्ण उतारावर ब्रेकवर हलका पाय ठेवूनच होतात. घाटात ट्रकवाले जे टाळतात तेच. खंबाटकी उतरताना ड्रायव्हर गियर पाडतो, ब्रेक कमी वेळ पण ठाम दाबतो आणि सोडतो. इथेही तेच. फरक इतकाच की इथे वेग वेडा असतो.

तरी एक कबूल करतो. हे इन्स्ट्रक्टरने तुम्हाला फेरीआधी, उभ्या गाडीत, शांतपणे सांगायला हवं होतं. भर उतारावर ‘ऑफ, ऑफ!’ ओरडून ते कळत नाही.

ओरडण्यावरून आठवलं. ‘उजवीकडे, उजवीकडे’ हे आमची इन्स्ट्रक्टर सारखं म्हणत होती, कारण पर्यटकांच्या फेऱ्यांना इथे रस्त्याचेच नियम लागू असतात : ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन तिला जाऊ द्यायचं. तुमच्या मागे दोन वेगवान गाड्या होत्या. आणि ‘बाई’ म्हणाल तर नॉर्डश्लायफेच्या पहिल्याच वळणाला आज झाबिने श्मिट्झ या शर्यतपटू बाईचं नाव आहे. इथली 24 तासांची शर्यत तिने 1996 आणि 1997 साली जिंकली. या गावात बाईने स्टीअरिंगबद्दल काही सांगितलं तर लोक ऐकतात.

आता जीटी3. ‘खालून ओढत नाही’ हे तुमचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकलाय. एम2च्या इंजिनाला दोन टर्बो आहेत. 2,650 आरपीएमलाच (इंजिन मिनिटाला जितक्या वेळा फिरतं तो आकडा) तिचा 550 न्यूटनमीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, हजर. पाय ठेवला की पाठीत धपाटा. बेर्गव्हेर्कनंतरच्या केसलशेनच्या लांब चढावर ती अल्पाइनला सहज मागे टाकते, आणि ताम्हिणीत रोज चालवायला मला कुणी गाडी विचारली तर मीही एम2च सांगेन. जीटी3चं 4 लिटरचं इंजिन टर्बोविना आहे. तिचा 470चा टॉर्क 6,100ला येतो, 510 पीएस 8,400ला, आणि ते फिरतं 9,000पर्यंत. हे चारचौघांत सांगणं बरं दिसत नाही, पण तुम्ही चारचौघांत विचारलंत : तुमच्या फेरीत 6,500च्या वर आरपीएम एकदाच गेले, डॉटिंगर होहेच्या सरळ रस्त्यावर, आणि तिथेही लगेच वरचा गियर पडला. म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आत तुम्ही रेडिओ बंद केलात.

दोष तुमचा नाही. एका फेरीत 9,000 आरपीएमचा आवाज ऐकून पाय दाबून धरायची हिंमत कुणालाच होत नाही. मला चौथ्या दिवशी झाली. त्या आवाजात सगळ्या सवयी ओरडतात की इंजिन फुटणार. दुसऱ्या फेरीत तुम्हाला ती मजा कळली असती, आणि नेमकी तीच हुकली. याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्टीअरिंग जड आणि गाडी दगडासारखी कडक, हेही तुम्ही लिहिलंय. कडक आहेच. कारुसेल या वळणाच्या सिमेंटच्या फरशांवरून जाताना दात वाजतात. पण दुसऱ्या एका वळणात तुमच्या मुलाने मागच्या सीटवरून काढलेला फोटो मी पाहिलाय (इन्स्ट्रक्टरने मागच्या सीटचा पट्टा तपासून त्याला एम2मध्ये बसवलं होतं). त्यात एम2 बाहेरच्या बाजूला झुकलेली दिसते आणि तुम्ही स्टीअरिंगला धरून बसलाय, स्टीअरिंगने तुम्हाला नाही. जीटी3मध्ये उलटं होतं. पुढचं चाक कुठे आहे, त्याला किती पकड उरलीय, हे तळहाताला कळतं. ज्यांना हे बोलणं ऐकू येऊ लागतं त्यांना मग बाकीच्या गाड्या मुक्या वाटतात. ज्यांना नाही, त्यांना नुसता त्रास. दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिलीत.

अकरा मिनिटांचं शेवटी. पोर्शने 2021 साली नोंदवलेली 6 मिनिटं 59.927 सेकंदांची वेळ कारखान्याच्या चालकाची, मोकळ्या ट्रॅकवरची आणि खास चिकट टायरांवरची. तुमच्या फेरीत इतर पर्यटकांच्या गाड्याही होत्या. शिवाय इथे वेळ मोजायला बंदी आहे. सकाळी तुमची सही असलेल्या कागदावर ते लिहिलंय. तुम्ही अकरा मिनिटं कशावर मोजलीत ते मी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका.

‘एका दिवसात तीन गाड्या’ हे पॅकेज मात्र मी बंद करतोय. दोन गाड्या, प्रत्येकी तीन फेऱ्या, एवढंच आता मिळेल. तुम्ही पुन्हा आलात तर अल्पाइन आणि जीटी3 घ्या, पहिली फेरी माझ्यातर्फे, आणि शेजारी मी बसेन. ओरडेन मीही.

एक राहिलं. तुमच्या मुलाची निळी टोपी एम2च्या दाराच्या कप्प्यात सापडली. श्टुटगार्टचे एक मित्र गणपतीला पुण्यात जाणार आहेत, त्यांच्याकडे देतो. पत्ता इथे लिहू नका, मेलवर पाठवा.