कचरामुक्त गल्लीची स्पर्धा अशी जिंका

आमच्या गल्लीत नुकतीच 'कमी कचरा, सुंदर घर' स्पर्धा झाली. गल्लीतले पंच ताणकाटा घेऊन दारोदार यायचे, महिनाअखेर ज्याचा कचरा सगळ्यात हलका त्याला बक्षीस. आज ना उद्या बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळला तुमच्याही गल्लीत हे खूळ येणार. तेव्हा ऐका.

उद्घाटन दणक्यात करा. 'प्लास्टिक टाळा' असा भलामोठा फ्लेक्स गल्लीच्या तोंडाला लावा. फ्लेक्सवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे म्हणे. असू दे की. पाहुण्यांना प्लास्टिकात गुंडाळलेला बुके आणि कागदी कपात कुंदा.

दुधाच्या पिशव्या अंघोळीच्या बंबात घाला. पाणी लवकर तापतं.

कुंडीत खत करू नका. आमच्या वरच्या काकू करतात. पालापाचोळा घालून ओलं सगळं घरातच जिरवतात आणि दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून प्रामाणिकपणे काट्यावर ठेवतात. काट्यावर काहीतरी दिसलं, म्हणून हरल्या.

आता खरी युक्ती. घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला असतो आणि वजन त्याचंच, म्हणून तो पंचांना दाखवायचाच नाही. भल्या पहाटे काळ्या पिशवीला गाठ मारून ती स्कूटरच्या हुकाला अडकवा, तोंडाला रुमाल बांधा आणि मोकळ्या प्लॉटजवळ वेग कमी न करता डाव्या हातानं भिरकावा. प्लॉट शक्यतो माझ्या घराशेजारचा निवडा. पिशवी फुटते, कुत्री ओढतात, चहाचा चोथा माझ्या पायरीपर्यंत येतो. परवा त्यातून कोबीची पानं निघाली, डायपर निघालं आणि लग्नपत्रिकेचं एक पाकीट निघालं. वर ठसठशीत अक्षरात श्री. व सौ. आणि पुढे पहिल्या बक्षिसाच्या मानकऱ्यांचं आडनाव! त्याच संध्याकाळी त्यांनी हार घालून स्टीलची बादली घेतली, फोटो काढला, वर 'सवय लागली की सोपं असतं बगा' म्हणून मलाच शिकवलं.

सवय! कसली सवय हो? कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते, तिच्यात ओला-सुका वेगळा टाकायला हात मोडतात का तुमचे? तुम्ही एकत्र कोंबलेलं डायपर ती गाडीवरची बाई हातानं उपसते, तेव्हा खिडकीतून बघता ना? उघड्यावर टाकू नका, जाळू नका, हे कचऱ्याच्या नियमात लिहिलंय. पण ते कळायला नियम कशाला लागतो? पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात घुसून भात कुजलं की महापालिकेच्या नावानं बोंब मारायला पहिले तुम्हीच. त्या नाल्यात तुंबलेल्या पिशव्या काय आभाळातून पडल्या? लाज वाटू द्या थोडी.

आणि पंचांनो, तुम्हीही. पुढच्या वेळी ताणकाटा घेऊन निघाल तेव्हा घरं नंतर करा. आधी त्या प्लॉटचं वजन करा.