मुरलेला चहा आणि मुरलेले साहेब

मुरलेला कच्चा पु-अर चहा चाखायचं आमंत्रण मिळालं, तर आधी पोटभर जेवून घ्यावं. मला हे चीनमधल्या कुनमिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. ऑफिसातले साहेब "चला, चहा घेऊ" एवढंच म्हणाले होते.

कच्चा पु-अर म्हणजे कढईत परतून, उन्हात वाळवून, वाफेवर दाबलेली पानं. पुढचं सगळं काळावर सोपवायचं. 1970 च्या दशकात याच शहरात पत्तीचे ओले ढीग लावून ती दीड-दोन महिन्यांत 'पिकवायची' युक्ती निघाली. पण तिचं नाव काढताच दुकानाच्या मालकीणबाईंचा चेहरा असा झाला, की देवगडच्या बागायतदारापुढे कुणी कार्बाइडचा विषय काढावा.

357 ग्रॅमची, वीस वर्षं जुनी चकती आली. बाईंनी दाभणाने कडेचे पापुद्रे सोडवले आणि काट्यावर सात ग्रॅम तोलले. एवढ्या पत्तीत आमच्या घरी तीन पाहुणे निघाले असते. इथे ती झाकणाच्या वाटीत पडली, जिच्यात जेमतेम शंभर मिलिलिटर पाणी मावतं. समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1,900 मीटर उंचीमुळे इथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं. ते उरलेले सहा अंश साहेबांच्या मनाला फार लागले होते.

पहिलं पाणी बाईंनी सरळ ओतून टाकलं. पत्ती धुतात म्हणे! ही झाडं आपल्या आसाम चहाच्याच जातीची, हे आठवून जीव आणखी तुटला.

मग घोटभर कप. कापूर, जुनं लाकूड आणि कडूजहर.

"कसा वाटला?"

"कडू आहे."

"थांबा."

थांबलो. खरंच, घशातून सावकाश गोडी वर आली. इथवर ठीक होतं. पण कप रिकामा दिसला की बाई भरणार, मी आभाराची दोन बोटं टेबलावर टकटकवणार, आणि ती टकटक संपेपर्यंत पुढचं पाणी तयार. खायला फक्त सूर्यफुलाच्या बिया. रिकाम्या पोटी हा चहा चढतो. तळहातांना घाम फुटला, डोकं तरंगायला लागलं.

"आता कुठे चहा बोलायला लागलाय," साहेब म्हणाले. माझ्या मूत्राशयाने तर केव्हाच बोलायला सुरुवात केली होती.

अखेर पाणी पार फिकं पडलं. बाईंनी चोथा उचलला, तशी मी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी तो किटलीत टाकला, वर पाणी घातलं आणि शेगडी पेटवली.

"जुनी पत्ती शेवटी उकळूनच प्यायची," साहेबांनी समजावलं.

उकळायचंच होतं, तर आमच्याकडे सुरुवातच तिथून होते.