वाण उत्तम आहे, शेतकरीच ऐकत नाही

साहेब, सुधारित वाणांच्या प्रसाराची जबाबदारी तुमच्याकडे आली, अभिनंदन. आता एक गोष्ट पाठच करून टाका. दोष वाणात नसतो, बियाण्यात नसतो, तो शेतकऱ्याच्या मानसिकतेत असतो. हे वाक्य कोणत्याही कार्यशाळेत खपतं, नाश्त्याआधीही आणि जेवणानंतरही.

काही खवचट लोक मध्येच हात वर करतील. बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत कापसाचं बहुतेक रान तिने व्यापलं, तेव्हा मानसिकता कुठे होती, असं विचारतील. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी पटेल 3 या धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून एचएमटी हा नवा वाण तयार केला. तो ना मेळाव्याने पसरला ना पोस्टरने, शेतकऱ्यांनीच हातोहात नेला. जून 2019 मध्ये तर अकोल्याच्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशकसहनशील कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. नवं बियाणं मिळावं म्हणून कायदेभंग! अशा लोकांशी वाद घालू नका. ‘शाश्वतता’ म्हणा आणि पुढच्या स्लाइडवर जा.

2017 साली त्याच बीटीची बोंडं गुलाबी बोंडअळीने पोखरली. तेव्हापासून शेतकरी नव्या पिशवीकडे डोळे बारीक करून बघतो आणि आधी बांधाकडच्या चार ओळींतच पेरून पाहतो. तुम्ही संशोधन केंद्रावर केलं की ती चाचणी, त्याने केलं की ती अनिच्छा. अहवालात हा फरक नीट सांभाळा.

माहितीपत्रकात हेक्टरी क्विंटल ठळक छापा, बाकी काही नको. सोलापूरकडचा माणूस ज्वारीच्या नव्या वाणाचं ऐकून घेतो आणि विचारतो, “कडबा किती पडंल? भाकरी कशी हुती?” जुनी मालदांडी ज्वारी त्याने का सोडली नाही याचं सगळं उत्तर या दोन प्रश्नांत आहे, म्हणून ते लिहून घेऊ नका. घरात दोन म्हशी असणं हा मानसिकतेचाच प्रकार समजावा.

बियाणं वेळेवर पोचवण्याचा मोह टाळा. अनुदानाच्या बियाण्याचा अर्ज ऑनलाइन, मग निवड, मग मोबाइलवर मेसेज, मग परवाना घेऊन दुकानात. तोवर मृग सरून आर्द्राही अर्धी झालेली असते. एखादा चिवट शेतकरी तरीही काउंटरवर पोचलाच तर घाबरू नका, तिथे आपला माणूस बसलेला आहे. “तो वाण ना? हाय की. पण संगं ही झिंकची दोन पाकिटं अन् टॉनिकची बाटली घ्यावी लागंल.” याला लिंकिंग म्हणतात. शेतकरी खिसा चाचपतो, मागच्या माणसाकडे बघतो आणि घरचंच सोयाबीन पेरायचं ठरवून फटफटीला किक मारतो. झाली नोंद : वाण नाकारला.

एक खबरदारी मात्र घ्या. घरच्या बियाण्यासाठी तुम्हीच शिकवलेली ती चाचणी, म्हणजे ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि मोड आलेले मोजायचे, ती तो विकतच्या पिशवीवर करू लागला तर ताबडतोब रोखा. सत्तरच्या खाली आकडा आला तर सायंकाळी घरी बायकोलाही कळतं, आणि मग गावालाच.

2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, तेव्हा काय करायचं याचा सराव झालेला आहेच. पंचनाम्याला जा. पिशवी मागा, टॅग मागा, पक्कं बिल मागा. तिन्ही निघाली तर पिशवीतलं उरलेलं बियाणं मागा. तेही निघालं तर बोट मातीत घालून “खोल पडलंय, ओलही कमी होती” एवढं म्हणा. दुबार पेरणीचा खर्च विचारू नये, त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

शेवटी सर्वेक्षण. ‘सुधारित वाण का स्वीकारला नाही?’ याला पर्याय ठेवा : निरक्षरता, परंपरेचा पगडा, जोखमीची भीती. ‘दुकानात मिळाला नाही’ हा पर्याय टाळा. फारच आग्रह झाला तर ‘इतर’ म्हणून खाली एक आखूड रेघ मारा. रेघेवर मावेना म्हणून एखादा म्हातारा कागद उलटून पाठीमागे लिहायला लागला, तर फॉर्म हातातून घ्या. मागची बाजू स्कॅन होत नाही.