दोन टिंबं अजून देऊन बघा

सॅस (वेबपानांची सजावट लिहायची भाषा) कंपाइल करून तिचं सीएसएस बनवताना टर्मिनलवर 'कान्ट फाइंड स्टाइलशीट टू इम्पोर्ट', म्हणजे आत घ्यायला सांगितलेली फाइल सापडत नाही, अशी लाल अक्षरं उमटली, की पहिलं पथ्य: ती वाचू नका. त्याखाली फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, तिकडे तर ढुंकूनही बघू नका. चूक दोन मिनिटांत सापडली तर उरलेली दुपार काय करणार?

त्यापेक्षा पाथच्या आधी '../', म्हणजे 'एक फोल्डर वर जा', लावा. नाही चाललं? आणखी एक लावा. सॅस आधी इम्पोर्ट ज्या फाइलीत लिहिलाय तिथून शोधतं आणि मग लोड पाथमध्ये, म्हणजे शोधायला सांगून ठेवलेल्या फोल्डरांत, असं एखादा ज्युनियर सांगायला लागला तर त्याला चहा सांगायला पाठवा.

'_बटन्स' ही पार्शल (दुसऱ्या फाइलीत इम्पोर्ट करायची तुकडा-फाइल) सापडत नाहीये? शेजारीच अंडरस्कोअर काढून तिची कॉपी ठेवून द्या. आता सॅस विचारेल, या दोघींतली नेमकी कुठली घेऊ? घ्या, एरर बदलली! स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या मीटिंगमध्ये, सांगायला काहीतरी झालं.

रामबाण उपाय मात्र वेगळाच आहे. इम्पोर्टमधल्या नावाच्या शेवटी '.सीएसएस' लिहून टाका. मग सॅस ती फाइल शोधायच्या भानगडीतच पडत नाही. ओळ जशीच्या तशी पुढे ढकलतं. बिल्ड हिरवंगार. फाइल न मिळाल्याची बोंब ब्राउझर मारेल, पण तोवर तुम्ही घरी पोचलेले असता.

चित्रांच्या 'यूआरएल'चंही तेच. सॅस त्या पाथला हात लावत नाही, आणि ब्राउझर तो तयार झालेल्या सीएसएस फाइलपासून मोजतो. तुम्ही खुशाल मूळ एससीएसएस (सॅसच्या) फाइलपासून मोजा. लोगो दिसला नाही तर कॅशेला शिव्या घाला. ती बिचारी उलट बोलत नाही.

फाइलीचं नाव कॅपिटल एचनं 'हेडर' आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल एच, हा माझा खास आवडता प्रकार. विंडोजवर मुकाट चालतं. लिनक्स सर्व्हरवर शुक्रवारी संध्याकाळी सातला बिल्ड पडतं. मी स्वतः तेव्हा छातीठोकपणे म्हणालो होतो, 'माझ्या मशीनवर चालतंय.' साडेदहापर्यंत म्हणत होतो.

आणि हो, डार्ट सॅस (सॅसचा मुख्य कंपायलर) 1.80 पासून, म्हणजे 2024 पासून, इम्पोर्ट सोडून 'यूज' वापरा अशी वॉर्निंग येते. 3.0 मध्ये इम्पोर्ट काढूनच टाकणार आहेत. वॉर्निंग बंद करायचा फ्लॅग आहे. तो आधी लावा.