आठवण गेली म्हणून आज्जी गेली नाही

परवा सकाळी खानापूरहून आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जरा गप्प राहिली आणि म्हणाली, "मग मी रोज कुणाला भरवतो गं?"

भावकीच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिने रात्रभर मनात घोळवला होता. आज्जीला स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली, आणि मेसेजात लिहिलंय, 'स्मृती म्हणजेच माणूस, हे विज्ञानाने आणि गीतेनेही सिद्ध केलं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यातून आत्मा निघून गेलेला असतो, उरतं ते रिकामं शरीर. त्याला काही जाणवत नाही. त्याच्याशी बोलण्यात, त्याच्यासाठी रडण्यात आयुष्य घालवू नका.' एकट्या आमच्या ग्रुपवर हा मजकूर तिघांनी टाकला. बेळगावात माझ्या ऑफिसातल्या दोघींकडेही तो पोचलाय. पाठवणाऱ्या एकानेही आजवर आज्जीचं अंथरूण बदललेलं नाही.

'आत्म्याचं वजन २१ ग्रॅम' हे त्यातलं एक वाक्य. डंकन मॅकडूगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने मरणाच्या दारातल्या सहा रुग्णांचं वजन करून पाहिलं, ते १९०७ साली प्रसिद्ध झालं. २१ ग्रॅमच्या आसपासचा आकडा त्यातल्या एकाचा, बाकीच्यांचे आकडे जुळलेच नाहीत. शिवाय त्याने वजन केलं ते मरणाच्या क्षणी. विसरण्याशी त्याचा काय संबंध?

'सात वर्षांत शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, म्हणजे जुना माणूस तसाही उरत नाही.' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस टिकतात, आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं. पण प्रत्येक पेशी? स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून पेशींची वयं काढली, ते काम २००५ साली प्रसिद्ध झालं. मेंदूच्या वरच्या थरातल्या चेतापेशी जवळजवळ माणसाच्याच वयाच्या निघाल्या.

आता गीता. मला सगळ्यात जास्त राग आला तो इथे. मेसेजात दुसऱ्या अध्यायातला अर्धाच श्लोक दिलाय, 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो बुद्धिनाशात्प्रणश्यति'. आधीचा अर्धा कुठे गेला? 'क्रोधाद्भवति संमोहः' अशी त्याची सुरुवात आहे. विषयांच्या ओढीतून राग, रागातून मोह, मोहातून माणूस भान हरवून बसतो, असा तो क्रम. डॉक्टरांनी आज एका आजाराला तोच शब्द वापरला म्हणून तो श्लोक म्हाताऱ्या माणसांच्या आजाराबद्दल होत नाही. आणि गीतेचाच आधार हवा असेल तर चौथ्या अध्यायातला पाचवा श्लोक वाचा. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, तुझे-माझे कितीतरी जन्म होऊन गेले, मला ते सगळे माहीत आहेत, तुला माहीत नाहीत. अर्जुन सगळं विसरलाय, तरी ते जन्म अर्जुनाचेच. स्मृतीबरोबर आत्माही जातो असं गीता कुठे म्हणते?

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचं नावही घातलंय. माणूस तोच आहे की नाही हे जाणिवेच्या सलगतेवर ठरतं, असं त्याने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत मांडलं, हे खरं. पण १७८५ साली थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने त्यातली अडचण दाखवली. आज्जीच्या भाषेत सांगते. चाळिशीतल्या आज्जीला दहा वर्षांची ती स्वतः आठवत होती. सत्तरीत तिला चाळिशी आठवायची, पण दहावं वर्ष पुसलं गेलं होतं. मग सत्तरीतली आज्जी ती मुलगी आहे की नाही? चाळिशीमार्गे गेलं तर आहे, आणि थेट गेलं तर नाही. अडीचशे वर्षं वादात असलेली गोष्ट 'सिद्ध' म्हणून पाठवायची?

'काही जाणवत नाही' या वाक्यासाठी मात्र मी पाठवणाऱ्याला माफ करणार नाही. दिवाळीत एक पाहुणे आज्जीवर ओरडले, ताकाचं भांडं सांडलं म्हणून. दहा मिनिटांत ती भांडंही विसरली आणि पाहुण्यांनाही. पण संध्याकाळभर कोपऱ्यात अंग चोरून बसली, भाताचा घास घेईना. २०१४ साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. अल्झायमरचे १७ रुग्ण आणि १७ निरोगी माणसं यांना दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. रुग्णांना थोड्याच वेळात पाहिलेलं फारसं आठवेना, काहींना तर काहीच. तरी ते दुःख आणि तो आनंद त्यांच्यात रेंगाळत राहिला. ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख उलट जास्त टिकलं. म्हणजे आपण ओरडलो ते ती विसरते, पण दुखलेलं राहतं. मायेने भरवलेलंही तसंच राहतं.

आणखी एक. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्यात साचलेलं रक्त यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर इलाज असतो. 'आत्मा गेला' म्हणून घरातच ठेवलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कदाचित साधी इंजेक्शनं पुरली असती.

काहीच हरवलेलं नाही असं मी आत्याला सांगितलं नाही. साठ वर्षं आमच्या घरात मराठी बोललेली आज्जी आता बैलहोंगलकडच्या माहेरचं कन्नडच बोलते. पोटच्या मुलीचं नाव तिला येत नाही, ती आत्याला 'अव्वा' म्हणते, आपली आई समजून. आत्याला ते लागतं, आणि लागणारच.

पण मी तिला विचारलं, घरात एवढी माणसं असताना ती अव्वा कुणाकुणाला म्हणते?

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाली, "मलाच."