मुद्देमाल घोडा कुठे बांधायचा?

वैशाख लागतो, अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेचे फोटो येऊ लागतात आणि गावाकडच्या ग्रुपवर दरवर्षीचा वाद सुरू होतो. पाळणे आलेत, खेळण्यांची दुकानं आलीत, पण सर्कशीत आता ना वाघ, ना हत्ती. मग एक जण लिहितो की परदेशी पैशावर चालणाऱ्या प्राणीमित्रांनी आपली सर्कस मारली. दुसरा उत्तर देतो की बरंच झालं, इंग्लंडात बघा कायदे किती कडक, आपल्याकडे कायदेच नाहीत. मला दोघांचाही राग येतो. इंग्लंडचं नाव घेणाऱ्याचा जरा जास्तच, कारण मी राहतो त्याच देशात.

आधी तारखा बघा. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना शिकवून खेळ करायला लावण्यावर आपल्या केंद्र सरकारने १९९८च्या अधिसूचनेने बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती बंदी कायम केली. इंग्लंडात फिरत्या सर्कशीतल्या वन्य प्राण्यांवरची बंदी लागू झाली २० जानेवारी २०२० रोजी. म्हणजे आपल्यानंतर एकोणीस वर्षांनी. आणि तीही फक्त वन्य प्राण्यांपुरती. घोडे आणि कुत्रे तिथल्या रिंगणात आजही उतरतात, कौन्सिलचा परवाना घेऊन.

परदेशी पैशाची गोष्टही तशीच. ज्या १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमावर हे सगळं उभं आहे, त्याची सुरुवात भरतनाट्यम नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून झाली. सरकार स्वतः कायदा आणेल असं नेहरूंनी आश्वासन दिलं, म्हणून त्यांनी ते मागे घेतलं. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ झालं तेव्हा पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस उभी केली, ती आपली, याचा आपल्याला अभिमान आहे. मलाही आहे. मग हा कायदाही आपलाच आहे, हे म्हणायला जड का जावं?

इंग्लंडात बंदी आली तेव्हा तिथल्या सर्कशींत परवान्यावरचे एकूण एकोणीस वन्य प्राणी उरले होते. सहा रेनडियर, चार झेब्रे, तीन उंट, तीन रकून, एक कोल्हा, एक मकाव आणि एक झेबू. झेबू म्हणजे आपला वशिंडाचा बैल. ज्याला आपण पोळ्याला पुरणपोळी भरवतो, ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, तो तिथल्या कायद्यात वन्य, कारण त्या बेटावर त्याला सहसा कुणी पाळत नाही. ही यादी वाचताना इतर अठरा प्राण्यांवरून माझी नजर पटकन पुढे गेली आणि या एकावर थांबली. आपल्या गावात ज्याला नाव असतं, तो परक्या देशात कुठल्या रकान्यात बसेल याचा नेम नाही. आपल्या सरकारने मात्र बैलाला २०११ सालीच खेळ करायला लावायच्या प्राण्यांतून वगळलं होतं.

म्हणजे कायद्यात आपण मागे नाही. मागे आहोत ते पुढच्या दोन गोष्टींत : कागदाच्या प्रवासात आणि जप्त जनावर ठेवायच्या जागेत.

समजा तालुक्याच्या गावी तंबू लागलाय. उंटाच्या गुडघ्यावर उघडी जखम आहे, किंवा घोड्याच्या तोंडातून गुलाबी फेस येतोय. कुणीतरी पोलीस ठाण्यात जातो. १९६०च्या अधिनियमाचं कलम ११ लागतं. त्यातली मोजकी उपकलमं सोडली तर बाकी सगळे गुन्हे अदखलपात्र. मारणं, जास्त ओझं लादणं, जखमी जनावराकडून काम करून घेणं, हे सगळं त्यातच येतं. म्हणजे ठाण्यात फक्त एनसी, अदखलपात्र नोंद, होते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरू होत नाही. आदेश येईपर्यंत सर्कशीचा मुक्काम संपतो, तंबू चोपड्याला किंवा थेट मध्य प्रदेशात जातो. समन्स जुन्या मैदानाच्या पत्त्यावर निघतं. त्यात कलम ३६ सांगतं की गुन्ह्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर पुढे होणार नाही. तीन महिने म्हणजे आपल्याकडे एका पत्राचं उत्तर.

इतकं होऊन गुन्हा शाबीत झालाच, तर पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. हा आकडा कित्येक दशकं बदललेला नाही. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडला तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२२ साली लोकांपुढे ठेवला होता. याउलट महाराष्ट्राने २०१७ साली बैलगाडा शर्यतींसाठी केलेल्या दुरुस्तीत अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तोच बैल हजार मीटरच्या धावपट्टीवर असला तर पाच लाख, आणि गाडीला जुंपलेला असला तर पन्नास रुपये. शर्यतीचा बैल मौल्यवान आणि ओझ्याचा फुकटचा, असं कुठल्या शेतकऱ्याने कधी म्हटलंय?

आता जागेचा प्रश्न, जो ग्रुपवर कुणीच काढत नाही. पोलिसांनी घोडा जप्त केला की तो मुद्देमाल होतो. मुद्देमाल मोटारसायकल ठाण्याच्या आवारात गंजत पडते. घोड्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा किलो चारा आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जखम असेल तर रोज धुवायला माणूस लागतो. जिल्ह्यातल्या बहुतेक गोशाळा आणि पांजरपोळ गायीबैलांसाठी आहेत. उंट, घोडा किंवा वीस कुत्रे ठेवायला गोठा तर नसतोच, त्या जनावरांची सवय असलेला माणूसही नसतो. मग काय होतं? घोडा सुपूर्दनाम्यावर मूळ मालकाकडेच परत जातो. ज्याने मारलं, त्याच्याच ताब्यात.

यासाठीही नियम आहे. मुद्देमाल जनावरांच्या देखभालीचे नियम २०१७ साली निघाले. त्यांत जनावर संस्थेकडे ठेवायचं, खर्चाचा दर ठरवायचा, मालकाकडून बंधपत्र घ्यायचं आणि खटला संपेपर्यंतचा खर्च मालकावर बसवायचा, असं सगळं लिहिलंय. अडतं पहिल्या आठवड्यात. वसुली पुढे कधीतरी होईल, पण चाऱ्याची गाडी आज सांगावी लागते. तेवढे आगाऊ पैसे कुणाकडे नसतात, म्हणून पंचनामा करणारा जमादारही शक्यतो जप्तीच्या भानगडीत पडत नाही. त्याच्या जागी मीही कचरलो असतो.

वाघसिंहांची बंदी का टिकली, याचं कारणही इथेच आहे. त्यांच्यासाठी विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा अशा ठिकाणी बचाव केंद्रं उभी केली. तंबूतून काढलेला सिंह कुठे जाणार, याचं उत्तर तयार होतं. घोड्याउंटांसाठी ते कुणी तयार केलं नाही. २०१८ साली सर्कशीतले सगळेच प्राणी बंद करण्याचा मसुदा निघाला. तो अमलात आणायचा तर ते कुठे ठेवायचे, हे आधी ठरवावं लागेल.

इंग्लंडचं घ्यायचंच असेल तर नेमकं हे घ्या. २०२१ साली तिथे शिक्षेची मर्यादा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेली, आणि ग्रुपवर सगळे तोच आकडा फेकतात. खरं काम करतात २००६च्या कायद्यातल्या साध्या तरतुदी. कलम १० : आधी लेखी नोटीस, काय सुधारायचं, कधीपर्यंत. कलम १८ : जनावर हालात आहे असं पशुवैद्याने लिहून दिलं की पोलीस ते लगेच हलवू शकतात. कलम २० : खटला संपायची वाट न बघता जनावर नव्या घरी द्यायचा किंवा विकायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. चाऱ्याचं बिल वर्षानुवर्षं वाढत नाही.

त्याच देशात लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) मैदानावर ग्रँड नॅशनल शर्यतीत घोडे पडून मरतात आणि सगळं शहर टोप्या घालून बघायला जातं, हेही लिहायला हवं. ग्रेहाउंडच्या शर्यती चालू आहेत. तेव्हा तिथली माणसं आपल्यापेक्षा दयाळू आहेत, हे मला कुणी सांगू नये.

मग फरक कुठे पडतो? आरएसपीसीए या तिथल्या प्राणी संरक्षण संस्थेला फोन करणारा शेजारी नाव सांगतो आणि घरी बसतो. इन्स्पेक्टर गणवेशात येतो, पुढचं तो बघतो. आपल्याकडे तक्रारदाराला स्वतः ठाण्यात उभं राहावं लागतं, पंच शोधावे लागतात, तारखेला जावं लागतं, आणि समोरचा माणूस त्याच गल्लीतला, त्याच सोसायटीचा सभासद असतो. "जाऊ दे ना भो, रोज याच रस्त्याने जायचंय," हे मी भ्याडपणा मानत नाही. ते गावात राहण्याचं मोल आहे. मला मात्र इतक्या लांबून हे सगळं लिहिताना काहीच द्यावं लागत नाही. उद्या मला कुणी पाणी भरताना टाळणार नाही, पोळ्याला बैल दारी आणायचं बंद करणार नाही. दारी बैल यायचे तो काळच मागे राहिला. माझ्या धारदार बोलण्यात किती कळकळ आणि किती लांबचं अंतर, हे मलाही नीट सांगता येत नाही. म्हणून जे सांगायचं ते मोजता येईल असं सांगतो.

सगळ्यात सोपा नियम १९६५चा आहे, ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांचा. मध्यम बैल म्हणजे दोनशे ते साडेतीनशे किलोचा. हवेच्या टायरच्या गाडीला अशा एका बैलामागे १०५० किलो, तसे टायर नसतील तर ७००, जोडी असेल तर दुप्पट. हे तपासायला काटा लागतो. पण त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे : तापमान ३७ अंशांच्या वर जातं अशा भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. या नियमासाठी ना काटा लागतो ना पशुवैद्य. घड्याळ पुरतं. यात्रेच्या मैदानावर, वाळूच्या रस्त्यावर, जिनिंगच्या फाटकावर दुपारी दोन वाजता फोटो काढला की अर्धा पुरावा झाला.

दुसरी जागा सारंगखेडा. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, आणि नाचणाऱ्या घोड्याला लगाम घट्ट धरून नाचवतात. त्याच १९६५च्या नियमांत काटेरी लगाम आणि आर लावलेली पराणी दोन्ही बंद आहेत. घोड्याचं तोंड तपासायला अर्धं मिनिट लागतं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये खालच्या जबड्यात दात नसलेली जागा असते. ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा घालून तिथे बघायचं. काटेरी लगाम तिथेच रुतते. ताजी असेल तर लाल चीर, जुनी असेल तर पांढरट कडक वळ, आणि जिभेच्या कडेला खाच. मान वर फेकत, तोंड उघडं टाकत घोडा नाचतो त्याला लोक टाळ्या देतात. पुष्कळदा तो त्या वळावरचा दाब चुकवत असतो.

आपल्याला हे येत नाही असं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना आपण हळद-तूप लावत बैलाचा खांदा बोटांनी चाचपतोच. सूज कुठे आहे, जू कुठे घासतं, जोडीतला एक बैल ठेंगणा असल्याने दुसऱ्यावर भार येतो का, हे त्या हाताला कळतं. तोच हात सारंगखेड्याच्या प्रवेशावर हवा. पशुधन विकास अधिकाऱ्याने तोंड बघावं, वळ दिसला तर लगाम तिथेच काढून घ्यावी आणि पावती द्यावी. घोडा जप्त करायची वेळ आली तर जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे दहा घोडे बांधायची जागा आणि महिनाभराचा कडबा यात्रेच्या आधीच ठेवलेला असावा. कार्तिक पौर्णिमेपर्यंत तो भरला, तर मार्गशीर्षाच्या बाजाराला महिना उरतो.